विपत्कालीन स्तुति आणि फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं जेथें जेथें लिहिलेलें आढळतें, तेथें बहुधा एक परंपरा सांगितलेली असते. ती अशी कीं, इ. स. १७८४ सालीं टिपू सुलतानानें कानडा प्रांतांतील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां पंधरा वर्षांच्या त्या बंदिवासांत या पुराणाच्या ओव्यांनींच त्यांस धीर दिला. एवढें सांगून लेखक पुढें जातात. भाविक वाचक तिच्यावरून असें अनुमान काढतो कीं, संकटांत देवाची स्तुति केली असतां संकट टळतें. संशोधक तिला दंतकथा समजून बाजूस ठेवतो आणि ग्रंथांतील विभक्तिप्रत्यय मोजूं लागतो. आमच्या मतें दोघेहि ग्रंथावर अन्याय करतात. स्तुतीचें सामर्थ्य म्हणून जें ख्रिस्ती वाङ्मयांत सांगितलेलें आहे तें नेमकें कशाचें सामर्थ्य, तें या पुराणांत उतरलें आहे कीं नाहीं, आणि सदर परंपरेवर किती भार टाकावा, हे प्रश्न ग्रंथ समोर ठेवूनच विचारले पाहिजेत.

ग्रंथाची हकीकत या त्रैमासिकाच्या वाचकांस बरीचशी ठाऊक असेल, म्हणून ती संक्षेपानें देतों. स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ते त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरले, आणि १० नोव्हेंबरास त्यांनीं आपल्या वडिलांस एक पत्र लिहिलें. तें उपलब्ध आहे. त्यांत जहाजावरील लोकांच्या हिरड्या सुजून ते कसे खचत गेले याचें वर्णन आहे. आपत्ति म्हणजे काय हें या गृहस्थांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें एवढ्यापुरतें तें येथें सांगितलें. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मरण येईपर्यंत, ते गोव्यांत, विशेषतः साष्टी प्रांतांत, राहिले. त्यांचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमी लिपींत छापून निघालें. त्यावरील पोर्तुगीज मथळ्याचा अर्थ 'आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगांतील आगमनाविषयीं प्रवचन' असा होता. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें. या तिन्ही मुद्रणांपैकीं एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. जो ग्रंथ चाळीस वर्षांच्या आंत तीनदां छापावा लागला त्याची एकहि छापील प्रत उरूं नये, आणि तो केवळ लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या वह्यांतून आपणांपर्यंत यावा, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मनांत धरून ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे आम्ही पुढें वळणार आहों.

अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास रोमी लिपींतच या पुराणाची आवृत्ति काढली. १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी विद्वानांच्या नजरेस आणिली आणि तीच मूळ संहिता असावी असें प्रतिपादन केलें. त्या पोथींत, रोमी पाठांत जेथें पोर्तुगीज व लॅटिन धर्मसंज्ञा आहेत तेथें पुष्कळदां संस्कृत शब्द योजिलेले आहेत. यावरून ती मूळची कीं मागाहून शुद्ध केलेली, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि आमच्या विषयास तो मिटण्याची जरुरीहि नाहीं. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास १९५६ सालीं निघाली व कारिदाद द्रागो यांची मुंबईस १९९६ सालीं. पहिलें पुराण ३६ अवस्वरांचें, दुसरें ५९ अवस्वरांचें, आणि एकंदर ओव्या अकरा हजारांच्या जवळपास.

आतां मुद्द्यास हात घालूं. हें पुराण कां रचलें गेलें याचें कारण स्टीफन्स यांनीं ग्रंथारंभींच कथेच्या रूपानें दिलें आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या मंडळींपैकीं एक श्रोता पाद्रीगुरूंस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरीं कां देत नाहीं? अभ्यासक या प्रसंगाकडे केवळ ग्रंथाची प्रस्तावना म्हणून पाहतात. आम्हांस त्यांत एक गाऱ्हाणें ऐकूं येतें. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. गोव्याकडील मराठी पोथ्यांची काय वाट लागली याचा पुरावा पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत आहे. कृष्णदास शामा याच्या कृष्णकथेसारखें मराठी वाङ्मय तेथें रोमी अक्षरांत उतरलेलें सांपडलें. ज्यांनीं तें वाचण्यास मना केलें त्यांच्याच मंडळींनीं तें अभ्यासासाठीं उतरून ठेविलें होतें! १५६० पासून गोव्यांत धर्मन्यायासन बसलेलें होतें. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट मारले गेले व त्याचा सूडहि उगवला गेला. स्टीफन्स यांस गोव्यास येऊन तेव्हां चारच वर्षें झालीं होतीं. ज्या श्रोत्यानें पुराण मागितलें तो या सर्वांतून पार पडलेला होता. त्याच्या घरांतील सायंकाळचें वाचन बंद पडलें होतें. देव बदलला, हें त्यानें पत्करलें किंवा त्यास पत्करावें लागलें. परंतु देवापुढें तोंड उघडण्याची जी रीत, म्हणजे ओवी, ती त्यास परत हवी होती.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, ख्रिस्तपुराणांतील स्तुति ही संकटांत उपयोगी पडण्यापूर्वींच संकटांतून जन्मलेली आहे, आणि तें पहिलें संकट टिपूनें आणलेलें नव्हे. तें त्या लोकांच्या नव्या धर्माच्या राज्यकर्त्यांनीं आणलेलें होतें. श्रीरंगपट्टणाची गोष्ट रंगवून सांगणारे कांहीं लेखक हा अर्धा भाग गाळतात. इतिहासाच्या पानावर असा अर्धा भाग गाळणें आम्हांस रुचत नाहीं. पुढें १६८४ च्या जूनमध्यें गोव्याच्या विजरईनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. ज्या भाषेंत स्टीफन्स यांनीं देवाची स्तुति करण्यास शिकविलें ती भाषाच तेव्हां सरकारी दृष्टीनें अपराध ठरली. १६५४ नंतर पुराणाचें मुद्रण झालें नाहीं आणि वह्या मात्र उतरल्या जात राहिल्या.

येथें संस्कृत वाङ्मयाशीं तुलना केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. विपत्तींत स्तुति हा प्रकार आपल्या पुराणांस नवा नाहीं. भागवताच्या आठव्या स्कंधांत नक्रानें पाय धरलेला गजेंद्र जें स्तवन करतो त्यांत प्राणरक्षणाची याचना जवळजवळ नाहीं. निर्गुण परब्रह्माचें वर्णन मात्र आहे. पहिल्या स्कंधांत कुंती तर कृष्णापाशीं विपत्तीच मागून घेते, कारण विपत्तींतच त्याचें दर्शन घडलें. भक्तीची इतकी उंच पायरी गांठल्यावर पुराणकार काय करतो? गजेंद्राची सुटका होते, नक्राचा उद्धार होतो, आणि अध्यायाच्या शेवटीं ही कथा ऐकणाऱ्यास काय काय फळ मिळेल याची यादी येते. फलश्रुति ही पौराणिक वाङ्मयाची सवयच आहे. स्तुति केली म्हणून सुटका झाली, असा कार्यकारणभाव श्रोत्याच्या मनांत त्यामुळें दृढ होतो. गजेंद्रानें काय म्हटलें तें तो विसरतो, आणि त्यास हरि धांवून आला एवढें त्याच्या लक्षांत राहतें.

या सवयीची किंमत कोणास किती द्यावी लागली याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. पंडिता रमाबाई यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. १८७४ पासूनच्या दुष्काळी वर्षांत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें वाचीत, व्रतें व दानें करीत फिरलें. फळ मिळालें तें असें कीं, वडील गेले, मागोमाग आई गेली, मोठी बहीणहि गेली. रमाबाईंनीं १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मनिवेदनांत हें सर्व सांगितलें आहे. त्या पुढें ख्रिस्ती झाल्या, १८९६-९७ च्या दुष्काळांत सांपडलेल्या मुलींस त्यांनीं केडगांवीं आणिलें, आणि तेथील प्रार्थना व स्तवनें यांचा बोभाटा दूरवर झाला. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. रमाबाई तेव्हां बायबलाचें भाषांतर करीत होत्या, तें त्यांनीं तसेंच पुढें चालविलें आणि १९२२ सालीं आपण गेल्या. पहिल्या दुष्काळांत वाचलेल्या पुराणांचें फळ मिळालें नाहीं म्हणून ज्या बाईंनीं पुराणें सोडलीं, त्यांनीं दुसऱ्या देवाजवळ त्याच हिशेबाची वही उघडली असती तर मनोरमेच्या मृत्यूबरोबर तोहि देव सुटला असता. तसें झालें नाहीं. त्यांनीं मधल्या काळांत स्तुतीची निराळी रीत शिकून घेतली होती.

ती रीत कोणती हें ख्रिस्ती शास्त्र उघडून पाहिलें पाहिजे, कारण तिच्याविषयीं ख्रिस्ती लोकांतहि पुष्कळ घोटाळा आहे. दानिएलाच्या ग्रंथांत तीन तरुणांस भट्टींत टाकण्याची कथा आहे. राजापुढें ते असें सांगतात कीं, आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. पण त्यानें न सोडविलें तरीहि आम्ही तुझ्या मूर्तीस नमणार नाहीं. सर्व रहस्य त्या 'न सोडविलें तरीहि' या आठ अक्षरी पदांत आहे, आणि स्तुतीच्या फळाविषयीं बोलणारे वक्ते नेमकें तेंच गाळतात. (भट्टींत त्यांनीं गायिलेलें दीर्घ स्तोत्र हिब्रू-अरामी संहितेंत नाहीं, ग्रीक व लॅटिन संहितांत आहे. कॅथलिक पंथ तें ग्राह्य धरतो, प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलांत तें आढळत नाहीं. स्टीफन्स यांच्यापुढें लॅटिन संहिता असल्यामुळें त्यांस तें उपलब्ध होतें.) हबक्कूक संदेष्टा शेवटच्या अध्यायांत अंजिरास फूल नाहीं, द्राक्षीस फळ नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत असें सांगून त्या रिकाम्या घरांतच देवाचा आनंद मानतो, पीक आलें असें त्यानें पुढें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत पौल व सीला फिलिप्पैच्या तुरुंगांत, पाय खोड्यांत अडकलेले असतां, मध्यरात्रीं गातात. भूकंप होतो, दारें उघडतात. हा वृत्तांत चमत्कार म्हणून सांगितला जातो खरा, पण दारें उघडल्यावर ते पळून गेले नाहींत, आत्महत्येस प्रवृत्त झालेल्या नाईकास त्यांनीं हांक मारून थांबविलें, या भागाकडे कोण पाहतो? सुटण्यासाठीं ज्यांनीं गायिलें असतें ते दार उघडतांच बाहेर पडले असते.

स्तोत्रसंहितेकडे पाहावें तर आणखी एक नवल दिसतें. दीडशें स्तोत्रांच्या त्या संग्रहास हिब्रू भाषेंत 'तहिल्लीम' म्हणजे 'स्तवनें' असें नांव आहे. परंतु त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्तोत्रें हीं उघड विलाप आहेत. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. त्यास शेवटीं समाधानाची एक ओळहि नाहीं. तरी तें स्तवनांच्या ग्रंथांत आहे. आमच्या भाषेंत यास जवळचा शब्द शोधूं गेल्यास तो 'स्तोत्र' नव्हे. तो रामदासांनीं दिलेला आहे : करुणाष्टक. मोरोपंतांची केकावलि हीहि त्याच जातीची. आर्त मोर ओरडतो, आणि तें ओरडणेंच देवाचें वर्णन होतें. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनीं 'स्तोत्र' हा शब्द कायम केल्यामुळें मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनांत या वाङ्मयाची एकच बाजू ठसली, असा आमचा तर्क आहे. संकटांत हंसतमुखानें गावें तीच स्तुति, रडणें म्हणजे अविश्वास, असें जें प्रवचनांतून ऐकूं येतें त्यास त्या मूळ ग्रंथांत आधार नाहीं. ख्रिस्त स्वतः शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, आणि क्रूसावर त्याच्या मुखीं आलें तें बाविसाव्या विलापस्तोत्राचें पहिलें वाक्य. दोन्ही एकाच रात्रीच्या व दिवसाच्या आंतलीं.

आतां स्टीफन्स यांनीं काय केलें तें पाहावें. त्यांनीं पुराणाचा सांचा घेतला. ज्ञानेश्वरीच्या धाटणीचें नमन घेतलें, ओवी घेतली, श्रोता-वक्त्याची जोडी घेतली. सांचा घेतल्याबरोबर श्रोत्याची अपेक्षाहि घेतली जाते, आणि ती फलश्रुतीची असते. हा धोका लहान नव्हता. त्यांचा श्रोता गजेंद्रमोक्ष ऐकून वाढलेला. ख्रिस्तनाम घेतलें कीं नक्र पाय सोडील अशी समजूत त्यानें करून घेणें अगदीं स्वाभाविक होतें. स्टीफन्स यांचें यश आम्ही मानतों तें येथें, कीं त्यांनीं ती समजूत उपदेशानें खोडून काढण्याच्या भरीस न पडतां कथेवर विसंबून राहिले. दुसऱ्या पुराणांत दुःखसहनाचा भाग त्यांनीं विस्तारानें सांगितला आहे. त्यांत कथानायक बागेंत प्रार्थना करतो कीं हा प्याला टळो. आणि प्याला टळत नाहीं. ज्या पुराणाच्या नायकाचीच प्रार्थना त्या रात्रीं निष्फळ दिसते त्या पुराणाचा श्रोता फलश्रुतीचा हिशेब कोणाजवळ मांडणार? पुनरुत्थान पुढें येतें हें खरें, पण तें मरणाच्या पलीकडे येतें, मरणाच्या ऐवजीं येत नाहीं. चाळीसेक दिवसांच्या उपासकाळांत ही कथा ओवीच्या संथ चालींत वर्षानुवर्षें ऐकणाऱ्यास हा फरक शब्दांत सांगतां आला नसेल; अंगवळणीं मात्र पडला असेल.

दोष नाहींत असें नाहीं. कथा रंगांत आली असतां स्टीफन्स यांच्यांतील धर्मोपदेशक मध्येंच उठतो आणि श्रोत्यांच्या पूर्वजांच्या देवांवर कोरडे ओढूं लागतो. ज्यांचीं देवळें नुकतीं पाडलीं त्यांच्यापुढें हें खंडन करण्यास धैर्य लागत नव्हतें, आणि काव्यदृष्ट्या तें रुक्ष आहे. विस्तारहि अपार आहे. पहिल्या पुराणांतील कित्येक अवस्वर हे केवळ कथासंक्षेप वाटतात. मराठींत कोंकणी शब्द मिसळून भाषा सोपी केल्याचें ते स्वतःच प्रास्ताविकांत सांगतात. मराठी टीकाकारांनीं हा भाषेचा दोष मानला. मालवण-वेंगुर्ल्याकडील वाचकास मात्र तो दोष वाटत नाहीं. देशावरचा विद्वान जेथें टीप शोधतो तेथें आमच्याकडचा साधा माणूस वाचीत पुढें जातो. मराठीबद्दल स्टीफन्स यांनीं जे गौरवोद्गार काढले आहेत त्यांस शालेय पुस्तकांतून फार प्रसिद्धि मिळाली. त्यामुळें हा कवि भाषेचा भाट एवढाच राहिला, आणि तो कशासाठीं गात होता हें मागें पडलें.

आतां श्रीरंगपट्टण. १७८४ च्या फेब्रुवारींत, राखेच्या बुधवारीं, कानड्यांतील ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. नेलेल्या लोकांची संख्या निरनिराळ्या लेखकांनीं तीस हजारांपासून ऐंशीं हजारांपर्यंत दिली आहे. यापैकीं कोणत्याहि आंकड्यावर इमारत उभारूं नये हें उत्तम. त्यांचीं देवळें पाडलीं गेलीं, जमिनी जप्त झाल्या, पुष्कळांचें धर्मांतर करण्यांत आलें. ४ मे १७९९ रोजीं टिपू पडला आणि उरलेले लोक परतले. हे लोक मूळचे गोव्याकडचे. सोळाव्या शतकापासून निरनिराळ्या कारणांनीं दक्षिणेस सरकत गेलेले. आणि साल्ढाणा यांस मिळालेलीं हस्तलिखितें त्यांच्याच समाजांतील. परंपरा आणि पोथ्या यांचें हें असें परस्परांस दुजोरा देणें आम्हांस वजनदार वाटतें. बंदिवासांत ओव्या म्हटल्या गेल्या असें मानण्यास अडचण नाहीं. ज्याच्याजवळ पोथी राहूं दिली जात नाहीं त्याच्याजवळ पाठ असलेली ओवीच राहते. परंपरा छापील पानांवर ठळक झाली ती सुटकेनंतर शंभर वर्षांनीं, हेंहि विसरूं नये. म्हणजे ती आजोबांनीं सांगितलेली गोष्ट आहे, डोळ्यांनीं पाहिलेली नव्हे. आजोबांच्या गोष्टींस इतिहासांत जेवढी जागा द्यावी तेवढी तिला द्यावी.

परंतु ती खरी धरली तरी तिच्यावरून काय सिद्ध होतें? पंधरा वर्षें दारें उघडलीं नाहींत. जे गात होते त्यांतले पुष्कळ तेथेंच मेले. शेवटीं जें दार उघडलें तें इंग्रजांच्या तोफांनीं, आणि त्या तोफांस ख्रिस्तपुराणाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. 'स्तुतीनें बेड्या तुटल्या' असें म्हणणें हा त्या मेलेल्यांचा अपमान आहे. त्यांची स्तुति काय कमी पडली असें म्हणावयाचें? सिद्ध होतें तें एवढेंच, आणि तें थोडें नव्हे, कीं त्या पंधरा वर्षांच्या शेवटीं जे परतले ते आपण कोण हें न विसरतां परतले, आणि परतल्यावर त्यांनीं पुन्हां वह्या उघडल्या. मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत हें पुराण म्हणण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत टिकला. मुद्रण बंद, भाषा निषिद्ध, मग देशच सुटलेला. इतक्या गाळण्यांतून जी स्तुति वाहत आली तिचें सामर्थ्य तिच्या वाहण्यांतच शोधावें.

येथें आमच्या किनाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. तेरेखोलच्या उत्तरेस शिरोडें, वेंगुर्लें, सावंतवाडी, मालवण येथें गोव्याकडून आलेलीं ख्रिस्ती घराणीं जुनीं आहेत. २००५ सालापासून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांतहि आहे. या लोकांची बोली स्टीफन्स यांच्या भाषेच्या मंगळूरकरांपेक्षांहि जवळची. तथापि त्यांच्या घरांतून हें पुराण मंगळूरच्यासारखें रुजलेलें दिसत नाहीं. क्रूसापुढें जमून लादीन म्हणण्याची चाल किनाऱ्यावर आहे, ओव्यांची नाहीं. आमच्या मतें कारण लिपीचें आहे. तेरेखोलच्या उत्तरेस अक्षरओळख म्हणजे बाळबोध व मोडी. पुराण होतें रोमी अक्षरांत. ज्यांच्या कानास तें सर्वांत जवळचें त्यांच्या डोळ्यांस तें परकें राहिलें. १६१६ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे ३४० वर्षें, या मराठी ग्रंथाची देवनागरी आवृत्ति निघाली नाहीं. मार्सडेनची देवनागरी पोथी लंडनास गेली आणि जेथें ती वाचली गेली असती तेथें कोणास तिचा पत्ता नव्हता.

ही उणीव कोंकणांतच जन्मलेल्या एका कवीनें निराळ्या वाटेनें भरून काढली. नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचे, जन्म १८६१. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां स्टीफन्स यांच्याप्रमाणें कोणी देवळें पाडलेल्या भूमींत ते गात नव्हते. उलट त्यांचेंच घर फुटलें होतें. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या अभंगांत स्तुति आणि करुणा हीं इतकीं एकजीव आहेत कीं ख्रिस्ती भजनसंग्रहांतील भाषांतरित गीतें त्यांच्याजवळ ठेवलीं असतां कोरडीं दिसतात. त्यांनीं 'ख्रिस्तायन' आरंभिलें व तें अपुरें टाकून १९१९ सालीं ते वारले. लक्ष्मीबाईंस लिहावाचावयास लग्नानंतर घरींच शिकावें लागलें होतें. त्या बाईंनीं विधवेपणीं तें काव्य उचललें आणि त्याचे बहुतेक अध्याय आपण रचले. त्या १९३६ सालीं गेल्या, व ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून 'ख्रिस्तायना'ची बरोबरी ख्रिस्तपुराणाशीं होत नाहीं. ओवीवरील हुकमत कमी आहे. पण टीकाकार 'स्मृतिचित्रें' वाचून थांबतात आणि त्याच हातानें सतरा वर्षांच्या वैधव्यांत रचलेल्या या स्तवनाकडे ढुंकूनहि पाहत नाहींत, हें बरोबर नाहीं. नवऱ्याचें अपुरें राहिलेलें देवाचें गाणें पुरें करणें हा शोकाचा एक प्रकार आहे, आणि तो स्तुतीचाहि आहे. त्या दोहोंचें वांटप लक्ष्मीबाईंनीं केलेलें नाहीं.

राहिली गोष्ट संग्राहकांची. या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतील जुनी वही हातीं आली कीं तींतील रोमी अक्षरें पाहून ती 'पोर्तुगीज कागद' म्हणून बाजूस टाकण्याची चाल आहे, आणि त्यांत घरचे लोक व बाहेरचे संग्राहक दोघेहि सारखेच. अशी वही टाकण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून पाहावी. स्टीफन्स यांच्या पद्धतींत ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं रोमी अक्षर दुहेरी लिहितात, आणि शेवटच्या अनुस्वाराच्या जागीं 'म'चें अक्षर येतें; त्यामुळें डोळ्यांस पोर्तुगीज दिसणारी ओळ कानास मराठी निघते. चार चरणांची मोडणी, त्यांतल्या पहिल्या तिहींस यमक आणि चौथा तुटका, अशी ओळ लागली तर ती ओवी समजावी. वहीचे कोपरे तेलकट किंवा मेणानें डागळलेले असतील तर ते पुसूं नयेत. कोणतें पान पुन्हां पुन्हां उघडलें जात होतें हें त्यावरून कळतें, आणि तें पान बागेंतल्या प्रार्थनेचें आहे कीं पुनरुत्थानाचें हें टिपून ठेवावें. छायाचित्र घेतांना समासांतील जन्ममृत्यूच्या नोंदीहि घ्याव्या. मूळ वही घरांतून हलवूं नये; तिची नक्कल मात्र दोन ठिकाणीं ठेवावी.